उत्तरेला पाठवलेले बांबू

शिझाइ गाव, झेजियांग
८ नोव्हेंबर १९७२

युनहे,

तुझं पत्र परवा मिळालं. "बाबा, आता पाठवू नका, मार्चपर्यंत थांबा," असं तू दोनदा लिहिलंयस आणि दुसऱ्यांदा खाली रेघ ओढलीयस. रेघ दिसली. बापाला अजून डोळे आहेत.

पण माझी अडचण ऐक. गावच्या उत्पादन पथकानं मला खणायला आठ माणसं दिलीत ती आत्ता. मार्चमध्ये सगळे चहाच्या मळ्यात असतील, तेव्हा मला कुणी कुत्रंसुद्धा देणार नाही. रेल्वेचा डबाही आत्ताच मिळतोय. तुमच्या जिल्ह्याच्या मागणीत साठ माओझू लिहिलेत. घरांचे वासे होतील असे मांडीएवढे जाड बांबू हवेत म्हणे. खणले साठ. इतके देखणे बांबू मी जन्मात गावाबाहेर जाऊ दिले नव्हते. मागचं मूळ वीतभर ठेवलं, पुढं धावणारं दोन वीत. माती झाडली नाही, पेंढ्यात गुंडाळली. शेंडे छाटून फांद्यांचे पाच मजले ठेवले.

तू मागितलेले पिवळ्या पन्हळीचे बांबूही चाळीस घातलेत, डब्याच्या कडेकडेनं, चिठ्ठ्या बांधून. या बोटभर जाडीच्या काटक्यांचं तुला एवढं कौतुक का, ते मला कधी कळलं नाही. फार तर कुंपण होतं त्यांचं. "थंडीत तेच टिकतील, माओझूला इथला हिवाळा झेपणार नाही," असं तू लिहितोस. मलाही ते कळतं. पण मागणीचा कागद सरकारी आहे आणि तुझं मत घरचं. शिवाय खरं सांगू? तुमच्या त्या उघड्याबोडक्या डोंगरावर आपल्या माओझूचं एक बेट उभं राहिलेलं मला बघायचंय.

तुझ्या आईच्या छातीत परत कळ येते. थोरला गेला त्या सालापासून तिचं हे असंच चाललंय. तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं की दोन दिवस बरी असते, म्हणून महिन्याला एक तरी टाकत जा. तुझ्या ओंबीसाठी तिनं सुके कोंब पाठवलेत. (सुनेचं नाव माइसुइ, म्हणजे गव्हाची ओंबी! असं नाव ठेवणाऱ्या माझ्या व्याह्याला माझा नमस्कार सांग.) तिला म्हणावं, कोंब आधी भिजवायचे. उत्तरेकडची माणसं तसेच उकळतील आणि म्हणतील, दक्षिणेत लाकूड खातात.

तुझा बाबा


मालधक्का, शान्शी
२९ नोव्हेंबर १९७२

बाबा,

पत्र स्टेशनातून लिहितोय. तुमचा डबा तीन दिवस बाजूच्या रुळावर उभा होता, कुणाला काय करायचं ते ठाऊक नव्हतं. आज उतरवला. तुमच्यासारखा हट्टी माणूस आणि तुमच्यासारखी बांधणी जगात दुसरीकडे नसेल. एका मुळाचीही माती सुटलेली नाही.

माओझू बघून हमाल गोळा झाले. एकानं विचारलं, "हे काय, ऊस?" मी म्हणालो, "हो, चावून बघ."

माझा राग गेलेला नाही, हे मात्र लिहून ठेवतो. थंडीला मी एवढा भीत नाही, बाबा. इथला वारा वाईट. जमीन दगडासारखी गोठते, मुळाला पाणी मिळत नाही, आणि वरून वारा पानांतलं पाणी ओढत राहतो. झाड गोठून मरत नाही, तहानेनं मरतं. म्हणून तुम्ही म्हणता तसे खोल खड्डे मी करणार नाही. उथळ लावीन, ज्वारीच्या ताटांचा कूड उत्तरेच्या बाजूनं उभा करीन, आणि जमीन गोठायच्या आत एक भरपूर पाणी देईन. वर शेणखत आणि पेंढा. बर्फ पडला तर तो झाडायचा नाही, तीच त्यांची रजई.

दोन बैलगाड्या ठरवल्यात. रोपवाटिकेपर्यंत दोन दिवसांची वाट आहे. आईला सांगा, मी जाडा झालोय. माइसुइ रोज गव्हाच्या शेवया करते आणि मी भात मागितला की म्हणते, "आजारी आहेस का?"

तुमचा
युनहे


डोंगरी रोपवाटिका, शान्शी
२० जानेवारी १९७३

बाबांना आणि आईला नमस्कार.

अक्षर वेगळं बघून घाबरू नका. माझ्या उजव्या हाताची बोटं थंडीनं सुजलीत, लेखणी धरता येत नाही. मी सांगतोय आणि माइसुइ लिहितेय. डॉक्टर म्हणतात, बरी व्हायला वेळ लागेल.

बांबू लावून झाले. कूड घातला, पाणीही दिलं. इथं सगळं ठीक आहे. आई, औषध वेळेवर घ्या. माझी काळजी करू नका. जेवण चांगलं आहे.

युनहे


शिझाइ
१६ फेब्रुवारी १९७३

युनहे,

बोटांना आल्याचं गरम पाणी लाव. चोळू नको. तुझी आई तुझं पत्र उशाखाली ठेवते. काल म्हणाली, "एवढंसंच का लिहिलंय?" मी म्हणालो, "दुसऱ्याच्या हातानं कोण लांबण लावील?" तेव्हा म्हणाली, "आणि मला 'घ्या' का म्हणाला? त्यानं मला कधी अहोजाहो केलंय?" मी म्हटलं, लिहिणारी सून आहे, तिची जीभ तशी वळते. डॉक्टर येऊन गेले. उन्हाळा लागेपर्यंत तिला कसलाही धक्का नको म्हणतात.

माओझूची पानं कशी आहेत ते कळव. पिवळी पडणं चालेल, पण गवतासारखी वाळून खुळखुळायला लागली तर समज. पिवळ्या पन्हळीचं काय झालं?

बाबा


डोंगरी रोपवाटिका
२२ मे १९७३

बाबा, आई,

आनंदाची बातमी आहे. तुमचे माओझू जगले! सगळे नाही, पण चौतीस जगले. हिरवेगार आहेत, बोटभर जाडीचे, आणि अंगावर पिवळी पट्टी आहे ती उन्हात सोन्यासारखी दिसते. चिठ्ठ्या बर्फात धुऊन गेल्या. मोठे जाड होते ते मात्र वाळले, ते पिवळ्या पन्हळीचे असणार.

कोंबही फुटले. पहिले सहा आले, ते आम्ही कापून आईंच्या आठवणीनं शिजवले. फार गोड लागले. आधी भिजवलेसुद्धा!

हात अजून तसाच आहे.

युनहे


पथकाची शेड, शिझाइ
१० जून १९७३

युनहे,

या पत्राचं उत्तर घरी पाठवू नकोस. वरच्या पत्त्यावर पाठव, माझ्या नावानं.

तुझं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं, पण अर्धं माझ्या मनचं वाचलं. "माओझू बोटभर जाडीचा" असं मी तिच्यासमोर कसं वाचणार? ती बांबूच्या घरातच जन्मलीय.

म्हणून आता नीट लिहितो. माओझू मांडीएवढा. कोवळा असताना त्याच्या अंगावर मखमलीसारखी लव असते. पिवळ्या पन्हळीचा बारीक. फांदी जिथून फुटते त्या बाजूला पेरावर उभी खाच असते, ती खाच पिवळी आणि बाकीचं अंग हिरवं. बुडाशी एखादं पेर गुडघ्यासारखं वाकडं. आणि यंदाच्या बांबूवरून बोट वर फिरवलं तर मांजराची जीभ लागावी तसं खरखरीत लागतं. म्हणजे तिथं जे जगलेत ते पिवळ्या पन्हळीचे. मेले ते माओझू. साठच्या साठ.

माझा मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा मी त्याच्या डोळ्यांना फडकं बांधून त्याला बेटात सोडायचो. तो हात लावून नावं सांगायचा. अकरा जातींत एकदाही चुकला नाही. आणि लावलेल्या बांबूचे पहिल्या तीन वर्षांतले कोंब आमच्याकडे कुणी कापत नाही. ते बेटाचे असतात. भुकेच्या सालीसुद्धा आम्ही कापले नाहीत. त्याला हे शिकवावं लागलं नव्हतं.

कोंब कापले म्हणून मी रागावलो नाही. ज्यानं कापले त्याला माहीत नव्हतं.

मी हे सगळं कुणाला शिकवतोय? तुझ्या सवडीनं लिही, पोरी. पण आता खरं लिही.

फांग देमाओ


डोंगरी रोपवाटिका
३ जुलै १९७३

बाबा,

तुमचं पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज लिहायला बसते.

युनहे गेले. १२ डिसेंबरला, सकाळी. मालधक्क्यावरून परत आले त्याच दिवशी अंग तापलं होतं. "काही नाही, सर्दी आहे," म्हणाले आणि तसेच खड्ड्यांवर गेले, कारण जमीन गोठायला दोनच दिवस उरले होते. सगळे शंभर लावले, पाणी दिलं आणि मग झोपले. छातीत पाणी झालं होतं. तालुक्याचे डॉक्टर आले. सुया दिल्या. नवव्या दिवशी गेले. शुद्धीत होते. मला म्हणाले, "कूड नीट बांधलाय ना? वाऱ्यानं पडला तर परत उभा कर." मी म्हणाले, "गप्प पड, कुडाचं काय घेऊन बसलास?" हेच माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. मला तेव्हा माहीत नव्हतं.

१३ तारखेला त्यांना डोंगराच्या दक्षिण उतारावर ठेवलं. १४ला तुमचं पत्र आलं, त्यांच्या नावाचं. त्यात तुम्ही लिहिलं होतं, आई अंथरुणावर आहेत, डॉक्टर म्हणतात धक्का नको, युनहे, काहीतरी हसवणारं लिही. तारेचा कागद माझ्या हातात भरून तयार होता. रोपवाटिकेच्या प्रमुखांना मी विचारलं, "एक महिना थांबू का?" ते म्हणाले, "तुझ्या घरचा प्रश्न आहे, तूच ठरव." मी थांबले. मग पुढं पुढं खोटं सोडवता येईना.

मला हसवणारं लिहिता आलं नाही. बांबूतलंही काही कळत नाही. आमच्या गावात बांबू म्हणजे चाबकाची काठी. ते कोंब मी एकटीनंच शिजवले. आईंना बरं वाटेल म्हणून "आम्ही" लिहिलं.

मला क्षमा करा असं लिहिणार नाही. तुम्ही काय कराल ते करा.

माइसुइ


पथकाची शेड
१८ नोव्हेंबर १९७३

माइसुइ,

चार महिने लिहिलं नाही. लेखणी घेत होतो, ठेवत होतो.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी शेडमध्ये कामट्या काढत होतो. वाचून झाल्यावर उरलेला बांबू पुरा चिरला. मग घरी गेलो. तुझ्या सासूनं विचारलं, "पत्र आलं का?" मी म्हणालो, "आलं. कोंब फुटलेत म्हणतो." तेव्हापासून दर महिन्याला मी तिला कोरा कागद हातात धरून पत्र वाचून दाखवतो. तिला अक्षर येत नाही म्हणून जमतं. तू दोनदा लिहिलंस, मी पाच पत्रं रचली. आता तुझ्या खोट्यापेक्षा माझं मोठं झालंय.

एक गोष्ट मात्र मला कुणाशी तरी बोलायला हवी आणि तुझ्याशिवाय कुणी नाही. नोव्हेंबरात बांबू हलवायचा नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं. त्यानं मला दोनदा लिहिलं. खाली रेघ ओढली. मी त्या रेघेची थट्टा केली. मार्चमध्ये पाठवले असते तर तो त्या मालधक्क्यावर उभा राहिला नसता. साठ माओझू तिकडे मरणार, हे मला डबा भरतानाच माहीत होतं. तरी पाठवले. कागदात लिहिलेत म्हणून, आणि त्याहून जास्त मिरवायला.

त्याला ताप कशानं आला? वाटेत काय झालं? तुला माहीत असेल ते सगळं लिही.

देमाओ


डोंगरी रोपवाटिका
९ डिसेंबर १९७३

बाबा,

ताप कशानं आला ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्या आठवड्यात इथं निम्मं गाव आजारी होतं. गाडीवानही खोकत होता. बाकी मला माहीत नाही. तुम्ही असं मनाला लावून घेऊ नका. त्यांना कुणी थांबवू शकलं नसतं. डबा मार्चमध्ये आला असता तर ते मार्चमध्ये पावसात उभे राहिले असते.

इथली हकिगत सांगते. मेलेले माओझू मी या महिन्यात उपटून काढले. चौतीस पिवळ्या पन्हळीचे उभे आहेत, आणि यंदा कोंबातून वर आलेले धरले तर एकाहत्तर काठ्या आहेत. तुम्ही लिहिलंत म्हणून एकेका काठीवर बोट फिरवून बघितलं. खरंच मांजराची जीभ! मी एकटीच हसले. गेल्या आठवड्यात गोठायच्या आतलं पाणी दिलं. ज्वारीचा कूड माणूसभर उंच केला. वारा सुटला की तो शिट्ट्या मारतो.

प्रमुख म्हणतात, "माओझू गेले, जिल्ह्याची मागणी माओझूची होती, आता या काटक्या कशाला? वसंतात तिथं सफरचंद लावू." मी म्हणाले, "या काटक्यांच्या टोपल्या होतात, कुंपणं होतात, कुदळीचे दांडे होतात. तुमच्या सफरचंदाच्या टोपल्या काय कागदाच्या करणार?" त्यांनी मे महिन्यापर्यंत मुदत दिलीय.

माहेरहून भाऊ आला होता. परत चल म्हणतो. एक मुलगा बघितलाय, गिरणीत आहे. मी म्हणाले, कूड काढल्याशिवाय येत नाही.

माइसुइ


शिझाइ
४ मार्च १९७४

पोरी माइसुइ,

हे पत्र शाळेतली बाई लिहून घेतेय, मी सांगतेय. मी युनहेची आई.

मला कळलंय. कुणी सांगितलं नाही. नव्या वर्षाच्या जेवणाला आमच्याकडे परगावी असलेल्या घरच्या माणसाचा वाडगा मांडतात, दाराकडे तोंड करून. गेल्या वर्षी यांनी युनहेचा तसाच मांडला होता. यंदा मांडताना हात थांबला आणि वाडगा आतल्या बाजूला ठेवला, थोरल्याच्या वाडग्याशेजारी, जिथं गेलेल्यांचे ठेवतात. माझ्याकडे बघितलं नाही. मीही विचारलं नाही. भात वाढला. दोघांनाही वाढला.

सगळे म्हणत होते, हिला सांगू नका, ही मरेल. नाही मेले. कळ येते आणि जाते. माझं काही होत नाही.

यांचं मात्र बरं नाही. पहाटे बेटात जाऊन बसतात, अंधार पडला की येतात. कोयता नेत नाहीत. दोन महिन्यांत एक काठी तोडली नाही. रात्री झोपेत "रेघ, रेघ" म्हणतात. काय विचारलं तर "काही नाही". पथकाचा माणूस येऊन दोनदा ओरडून गेला.

माझ्याशी ते बोलणार नाहीत. माझ्याकडे बघताना त्यांना तोच दिसतो. तू दूर आहेस, तुझ्याशी बोलतील. त्यांना समजावू नकोस, समजूत काढली की ते आणखी मिटतात. तू काहीतरी विचार त्यांना. बांबूचं विचार. ज्याचं उत्तर त्यांनाच येईल असं काही.

आणि तू मला चिठ्ठीत "घ्या" लिहिलं होतंस, तेव्हाच मला काहीतरी खटकलं होतं. आता "घे" लिहिलंस तरी चालेल.

युनहेची आई


डोंगरी रोपवाटिका
२ एप्रिल १९७४

बाबा,

एक अडचण आलीय आणि इथं विचारायला कुणी नाही.

कूड काढला. पिवळ्या पन्हळीचे सगळे जगले, एकही गेला नाही, आणि यंदा थंडी उण्या बावीसपर्यंत गेली होती. पण त्यांच्यात पाच काठ्या वेगळ्या आहेत. खाच हिरवीच आहे, पिवळी नाही. बोटाला खरखर लागत नाही, गुळगुळीत आहेत. गाठीच्या खाली पांढरी पूड बसलीय, पुसली की हाताला लागते. बुड सरळ आहे. मी तुमचं पत्र चार वेळा वाचलं, यात ते बसत नाहीत. कोण आहेत हे? तुम्ही कुणाच्या मुळांबरोबर पाठवलेत?

१५ मेला जिल्ह्याची माणसं शेत बघायला येणार आहेत. मला ते विचारतील, ही जात कोणती, किती थंडी काढते, दहा वर्षांत किती पसरेल. मी काय सांगू? बोट फिरवून बघितलं म्हणू?

तुम्ही या. युनहे असते तर बोलावलं नसतं. मला येत नाही, बाबा.

आईला सांगा, औषध घे.

माइसुइ


शिझाइ
१६ जून १९७४

माइसुइ,

पोचलो. गाडीत तीन दिवस उभाच होतो म्हण. तुझ्या पोळ्या मात्र शिळ्या झाल्यावरही चांगल्या लागल्या. आणि तुम्ही लोक खरंच सगळ्याला व्हिनेगर घालता.

त्या पाच काठ्यांचं तुला तिथंच सांगितलं, पण लिहूनही ठेवतो. ते दांझू. माझ्या बेटात वरच्या अंगाला आहेत, त्यांचं मूळ पिवळ्या पन्हळीच्या मुळात गुंतून आलं असणार. तेही थंडी काढतात. यंदाचे कोंब आले की खोळीवर तपकिरी ठिपके बघ, आणि वर जिथं खोळीला पातं फुटतं तिथली कड जांभळट आहे का बघ. जांभळट, सरळ कापल्यासारखी असेल तर माझं बरोबर. जिल्ह्याच्या माणसांनी तीन वर्षं दिलीत. तीन वर्षांत ते मागायला तुझ्या दारात येतील. तुझ्या गिरणीवाल्याबद्दल मी तिथं काही बोललो नाही, ते मुद्दाम. तुला जायचं असेल तेव्हा जा. बेट दुसऱ्याच्या हाती देता येतं. आमच्या घरातून मुलगी निघेल तशी निघशील, रजया तुझी सासू भरतेय.

आता जे तिथं बोलायचं राहिलं ते लिहितो.

उतारावर तू मला जागा दाखवलीस आणि मागं जाऊन उभी राहिलीस. बरं केलंस. मी त्याला काही बोललो नाही. त्याच्या मातीवरचं गवत उपटलं, तेवढंच झालं. मग खाली येताना गाडीवान छाइ भेटला. त्यानं मला ओळखलं, म्हणाला, तुमचं नाक त्याच्यासारखं आहे. तंबाखू ओढता ओढता त्यानं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खिंडीत वारा सुटला तेव्हा युनहेनं अंगातला कापसाचा कोट काढला, अंथरूण सोडलं, आणि पुढच्या गाडीतल्या मुळांवर बांधलं. छाइ म्हणाला, "मी ओरडलो, येडा आहेस का, लाकडाला कोट घालतोस? तर म्हणाला, मी चालतोय, मला ऊब आहे. यांना चालता येत नाही."

हे तुला माहीत होतं. कोट तूच सोडवून घेतला असशील. मी विचारलं तेव्हा तू लिहिलंस, मला माहीत नाही. मी रागावलेलो नाही. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं. पण आता यापुढं मला काही झाकून ठेवू नकोस. माझं वय झालं, पण मी उभा आहे.

घरी आलो. तुझ्या सासूनं पाय धुवायला पाणी दिलं. मग समोर बसली आणि विचारलं, "तिथं थंडी फार आहे?"

मी म्हणालो, "आता काय, जून आहे."

"मी डिसेंबरचं विचारतेय."

मग मी सांगितलं. वर्षभरात तिला सांगितलेली पहिली खरी गोष्ट. डबा, मालधक्का, खिंड, कोट. रेघेचंही सांगितलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. सांगून होईपर्यंत पाणी गार झालं.

तिनं विचारलं, "ज्यांना कोट घातला ती झाडं जगली का?"

खोटं बोलायची इच्छा झाली. "नाही," म्हणालो. "पुढच्या गाडीत माओझू होते. ते सगळे गेले. जगले ते मागच्या गाडीतले, त्यांच्यावर काहीच नव्हतं."

ती पायांवरचं पाणी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे त्याला बरोबर कळलं होतं, कुणाला थंडी जास्त वाजतेय ते."

मग भांडं उचलून ती अंगणात गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला, पण ती लवकर आत आली नाही. मी बाहेर जाऊन तिच्याजवळ उभा राहिलो.

तुझा बाबा